कांगारूच्या चालीचा जमाखर्च

मराठी घरात कांगारूची पहिली ओळख बहुधा वृत्तपत्राच्या क्रीडापानावर होते. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेट संघ जिंकला की ‘कांगारूंची झेप’ आणि हरला की ‘कांगारूंना लोळवले’ अशा धाटणीचे मथळे वर्षानुवर्षे छापले जात आहेत. त्यापलीकडे या प्राण्याविषयी दोनच गोष्टी सर्वांना ठाऊक असतात : तो उड्या मारत जातो आणि मादीच्या पोटाशी पिलासाठी पिशवी असते. दोन्ही गोष्टी खऱ्याच. परंतु चार पायांवर धावणे सोडून हा प्राणी उड्या का मारतो, त्या उड्यांचा खर्च त्याला परवडतो कसा आणि पिशवीतल्या पिलाचे ओझे आईच्या कोणत्या खात्यात मांडले जाते, हे प्रश्न मनात आले की विषय एकदम निराळा होतो. गेल्या पन्नास वर्षांत शास्त्रज्ञांनी या प्रश्नांची जी उत्तरे शोधली आहेत, ती हिशेबाची सवय असलेल्या वाचकाला विशेष रुचावीत अशी आहेत.

कांगारूच्या कुळात साठच्या आसपास जाती आहेत. सशाएवढ्या लहान वॉलबीपासून माणसाच्या उंचीच्या तांबड्या कांगारूपर्यंत त्यांचा पसारा आहे. तांबडा कांगारू हा त्यांतला सर्वांत मोठा. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ८५ किलोपर्यंत जाते. मादी त्याच्या निम्म्याहूनही हलकी असते. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील कोरडी, उघडी, मैलोन्‌मैल सपाट भूमी हे त्याचे घर. तेथे पाऊस केव्हा पडेल आणि कोठे पडेल याचा भरवसा नाही. एका ठिकाणी सरी कोसळतात, चार दिवसांत गवत उगवते आणि शंभर किलोमीटरवर मात्र धूळ उडत असते. अशा मुलखात ज्याला कमी खर्चात दूर जाता येते तोच टिकतो. कांगारूच्या शरीराची सारी घडण या एका अटीभोवती झालेली दिसते.

मात्र हा कांगारू सायंकाळी चरत असताना पाहिला तर पाहणाऱ्याची निराशाच होते. गवताच्या एका झुपक्यावरून दुसऱ्या झुपक्याकडे जाताना तो अतिशय अवघडल्यासारखा सरकतो. आधी पुढे वाकून दोन्ही आखूड हात जमिनीला टेकवतो. मग जाड शेपटी पोटाखालच्या बाजूस वळवून जमिनीवर दाबतो. शरीराचा भार हात आणि शेपटी यांच्यावर घेऊन मागचे दोन्ही लांबलचक पाय एकदम उचलतो आणि पुढे आणून ठेवतो. पुन्हा हात, पुन्हा शेपटी, पुन्हा पाय. एखाद्या वृद्ध गृहस्थाने दोन काठ्या घेऊन चालावे तसे ते दिसते.

या चालीला शास्त्रज्ञ ‘पंचपाद चाल’ म्हणतात आणि ते नाव शब्दशः खरे आहे. शेपटीचा उपयोग केवळ तोल सांभाळण्यासाठी होत असावा, अशी पूर्वी समजूत होती. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठ, अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स विद्यापीठ येथील संशोधकांनी तांबड्या कांगारूंना दाबमापक पट्टीवरून चालवून प्रत्येक अवयव जमिनीला किती रेटा देतो हे मोजले. २०१४ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढचे आणि मागचे पाय मिळून शरीराला पुढे ढकलण्यासाठी जेवढा जोर लावतात, तेवढा एकटी शेपटी लावते, असे त्यांत दिसून आले. म्हणजे शेपटी हा आधाराचा खांब नसून पुरता कामकरी पाय आहे. माकडे शेपटीने फांदी धरतात, मगर शेपटीने पाणी कापते. परंतु जमिनीवर चालताना शेपटीचा पाय करणारा प्राणी शोधून सापडणे कठीण.

ही सावकाश चाल मात्र महाग पडते. तेवढ्याच वजनाचा चतुष्पाद प्राणी तेवढ्याच वेगाने चालला तर त्याला जितकी शक्ती लागेल, त्यापेक्षा कांगारूला बरीच अधिक लागते. घरातल्या घरात इकडून तिकडे जाण्यासाठी मालमोटार सुरू करावी, तसा हा प्रकार. निसर्गाने ही उधळपट्टी चालू का दिली असावी, याचे उत्तर वेग वाढवल्यावर मिळते.

१९७३ साली टेरेन्स डॉसन आणि रिचर्ड टेलर या दोन शास्त्रज्ञांनी तांबड्या कांगारूंना ट्रेडमिलवर धावायला शिकवले. तोंडावर मुखवटा बसवून ते किती प्राणवायू वापरतात याची मोजणी केली. शरीरात इंधन किती जळते आहे, हे कळण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग. घोडा, कुत्रा, माणूस यांपैकी कोणीही वेग वाढवला की प्राणवायूची गरज वाढतच जाते, हे तोवर पक्के ठाऊक होते. कांगारूचीही गरज आरंभी वाढली, आणि ती झपाट्याने वाढली, कारण तो पंचपाद चालीने जात होता. ताशी सहा-सात किलोमीटरच्या आसपास त्याने ती चाल सोडून उड्या मारायला आरंभ केला. त्यानंतर पट्ट्याचा वेग वाढवत ताशी २२ किलोमीटरपर्यंत नेला, तरी प्राणवायूचा खर्च वाढला नाही. उलट किंचित कमी झाल्यासारखा दिसला. वेग तिप्पट झाला आणि बिल मात्र तेवढेच आले! व्यवहारात असे कोठे घडत नाही. म्हणून ते आकडे पाहून प्राणिशास्त्रज्ञ चक्रावून गेले असतील, तर त्यात नवल नाही.

या कोड्याची किल्ली कांगारूच्या घोट्यामागे आहे. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला ज्या जाड, चिवट दोरीने जोडलेले असतात तिला कंडरा म्हणतात. माणसाच्या टाचेमागे बोटांच्या चिमटीत सापडते तीच ही. कांगारूची कंडरा शरीराच्या मानाने फारच लांब आणि ताणदार असते. उडीनंतर पाय जमिनीवर आदळतात, घोटा वाकतो आणि कंडरा ताणली जाते. खाली येणाऱ्या शरीराची जी शक्ती एरवी धक्क्यात वाया गेली असती, ती त्या ताणात साठून राहते. पुढच्याच क्षणी कंडरा आखडते आणि ती साठवण परत देऊन शरीराला वर फेकते. लीड्स विद्यापीठातील मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकारी व्हर्नन यांनी १९७५ मध्ये वॉलबीच्या उड्यांचे मोजमाप करून ही साठवण किती महत्त्वाची आहे ते दाखवून दिले.

थोडक्यात, प्रत्येक उडीला कांगारू नवे भांडवल घालत नाही. मागच्या उडीची ठेव काढतो, थोडी भर घालतो आणि पुढच्या उडीत गुंतवतो. ठेव पूर्ण परत मिळत नाही. काही भाग उष्णतेच्या रूपाने जातो आणि कंडरा ताणलेली राहावी म्हणून स्नायूंनाही जोर धरून ठेवावा लागतो. तेव्हा उडी फुकट नाही. पण स्वस्त आहे, आणि वेगात ती महाग होत नाही, हे विशेष. चढावर मात्र ही बचत फारशी कामी येत नाही. शरीर वर उचलण्यासाठी लागणारी जास्तीची शक्ती स्नायूंनाच नव्याने द्यावी लागते. कंडरा साठवलेले परत करील, नसलेले कोठून आणील?

वेग वाढवण्याची कांगारूची रीतही लक्षात घेण्याजोगी आहे. माणूस घाईत असला की पावले भराभर टाकतो. कांगारू मिनिटाला जवळजवळ तेवढ्याच उड्या मारतो, फक्त प्रत्येक उडी लांबवतो. वेगात असताना एका उडीत सात-आठ मीटर अंतर तो सहज कापतो. ताशी २० ते २५ किलोमीटर ही त्याची आवडती गती. जिवावर बेतले तर थोड्या अंतरापुरता ताशी ६५-७० किलोमीटरचाही पल्ला गाठतो. अलीकडच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. वेग वाढतो तसा कांगारू पाय अधिक वाकवून, किंचित दबून उड्या मारतो. त्यामुळे घोट्यावरचा भार वाढतो, कंडरा अधिक ताणली जाते आणि साठवणही वाढते.

उडीबरोबर श्वासही आपोआप होतो. शरीर वर उसळते तेव्हा पोटातील जड आतडी मागे राहतात, श्वासपटल खाली ओढले जाते आणि हवा आत येते. पाय टेकले की तीच आतडी पुढे सरकून फुप्फुसांवर दाब देतात आणि हवा बाहेर पडते. एक उडी, एक श्वास. लोहाराचा भाता चालावा तसे हे चालते आणि श्वास घेण्यासाठी वेगळे कष्ट फारसे पडत नाहीत. शेपटी या वेळी जमिनीला लागत नाही. पाय मागे जातात तेव्हा ती खाली येते आणि पाय पुढे येतात तेव्हा वर जाते, त्यामुळे धड डुलत नाही.

या कुळातील सर्वच प्राणी असे नाहीत. क्वीन्सलँडच्या पावसाळी जंगलात राहणारा कस्तुरी उंदीर-कांगारू आजही चार पायांवरच धावतो आणि त्याच्या मागच्या पायाला अंगठाही आहे. वृक्ष-कांगारू पुन्हा झाडावर राहायला गेले आणि दोन्ही पाय वेगवेगळे हलवण्याची कला त्यांच्याकडे आहे. दुसऱ्या टोकाला, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला आखूड तोंडाचा महाकाय कांगारू होता. त्याचे वजन सव्वादोनशे किलोच्या पुढे असावे. त्याच्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या काही शास्त्रज्ञांच्या मते तो उड्या मारतच नसावा. माणसासारखा एकेक पाय टाकत चालत असावा. कारण स्पष्ट आहे. शरीर मोठे होत जाते तसा कंडरेवरचा ताण तिच्या जाडीपेक्षा वेगाने वाढतो. आजच्या मोठ्या नराची कंडरा तुटण्याच्या मर्यादेपासून फार दूर नसते. स्वस्त प्रवासाची ही किंमत त्याला जोखमीच्या रूपाने मोजावी लागते.

युरोपीय लोकांच्या लेखी हा प्राणी आला तोही त्याच्या चालीमुळेच. १७७० साली कॅप्टन जेम्स कुक यांचे ‘एन्डेव्हर’ जहाज प्रवाळखडकावर आदळले आणि दुरुस्तीसाठी ईशान्य किनाऱ्यावरील एका नदीच्या मुखाशी काही आठवडे अडकून पडले. तेथे दिसलेल्या उंदरी रंगाच्या प्राण्याला आपण रानकुत्राच समजलो असतो, परंतु तो सशासारख्या वा हरणासारख्या उड्या मारत होता, अशा अर्थाची नोंद कुक यांनी रोजनिशीत केली आहे. जहाजावरील निसर्गतज्ज्ञ जोसेफ बँक्स यांनी तेथील गुगु यिमिथिर लोकांकडून त्याचे नाव विचारून घेतले. त्या नावाचा अर्थ ‘मला कळत नाही’ असा आहे, ही कथा अनेक पुस्तकांतून फिरते. ती निखालस खोटी आहे. १९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅविलंड यांनी त्या लोकांची भाषा अभ्यासली, तेव्हा ‘गंगुरू’ हा शब्द तेथे कांगारूच्या एका मोठ्या जातीसाठीच वापरला जातो, हे स्पष्ट झाले. बिचाऱ्या आदिवासींनी उत्तर बरोबरच दिले होते. गैरसमज ऐकणाऱ्यांनी वाढवला.

कांगारूला मागे चालता येत नाही, ही आणखी एक लोकप्रिय समजूत. ऑस्ट्रेलियाच्या राजचिन्हावर १९०८ पासून कांगारू आणि एमू हे दोन जीव आहेत. ‘पुढेच जाणारे राष्ट्र’ दाखवण्यासाठी त्यांची निवड झाली असे लोक सांगतात. लांब पावले आणि जड शेपटी यांमुळे त्याला उलटे उडता येत नाही हे खरे. पण झुंजीत वगैरे तो दोन-चार पावले मागे सरकतो. नाणी जमवणाऱ्यांना हेही ठाऊक असेल की, १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाने एक डॉलरची नोट मागे घेऊन नाणे आणले, तेव्हा त्याच्यावर एक नाही, पाच कांगारू उडत होते.

मागचे दोन्ही पाय जमिनीवर नेहमी जोडीनेच हलतात, म्हणून ते एकमेकांना बांधलेले आहेत असे वाटते. पाण्यात पडल्यावर मात्र कांगारू तेच पाय आळीपाळीने मारत उत्तम पोहतो. रानकुत्री मागे लागली तर तो मुद्दाम तळ्यात शिरतो आणि छातीएवढ्या पाण्यात उभा राहून जवळ येणाऱ्याला हातांनी धरून बुडवतो, असे प्रसंग ऑस्ट्रेलियात अनेकांनी पाहिले आहेत.

त्याच्या हातांकडे सहसा लक्ष जात नाही. पायांपुढे ते अगदीच किरकोळ दिसतात. परंतु कडक उन्हात तेच त्याचे प्राण वाचवतात. हाताच्या आतल्या बाजूस, कातडीच्या अगदी खाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. उष्णता असह्य झाली की कांगारू हात चाटून ओले करतो. लाळ सुकताना रक्त थंड होते आणि ते थंड रक्त शरीरभर फिरते. उन्हाळ्यात मातीच्या माठाचे पाणी गार राहते, त्याच न्यायाने. धावताना त्याला घामही येतो. पण धावणे थांबताच घाम थांबतो आणि तो धापा टाकू लागतो. पाणी जपून वापरण्याची ही शिस्त थक्क करणारी आहे. दिवसा तो झाडाच्या सावलीत, वरची तापलेली माती उकरून खालच्या थंड मातीवर पडून राहतो. रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, तांबडे आणि करडे कांगारू चारा तोंडाशी नेताना आणि अंग साफ करताना बहुतेक वेळा डावाच हात वापरतात. म्हणजे ही जमात चक्क डावखुरी आहे. मागच्या पायाची दुसरी आणि तिसरी बोटे मात्र एकाच कातडीत जोडलेली असून दोन नखांची ती फणी अंग विंचरण्यासाठी वापरली जाते. नर झुंजतात तेव्हा हातांनी प्रतिस्पर्ध्याला धरतात, शेपटीवर सारा भार टाकून दोन्ही पाय उचलतात आणि लाथ हाणतात. पाय, हात, शेपटी या प्रत्येकाला दोन-दोन, तीन-तीन कामे आहेत. रिकामा अवयव कोणताही नाही.

आता पिशवीकडे वळू. गर्भधारणेनंतर सुमारे ३३ दिवसांत तांबड्या कांगारूचे पिलू जन्मते. वजन एक ग्रॅमहूनही कमी, लांबी जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. ज्या पायांमुळे ही जात जगभर प्रसिद्ध झाली, ते मागचे पाय या वेळी नुसते कोंब असतात. हात मात्र तयार असतात. त्या चिमुकल्या हातांनी आईची लव धरत धरत ते स्वतःच वर चढते आणि तीन ते पाच मिनिटांत पिशवीत पोहोचते. आई मदत करत नाही. आयुष्यभर पायांवर जगणाऱ्या प्राण्याचा पहिला आणि सर्वांत धोक्याचा प्रवास असा केवळ हातांवर होतो. आत पोहोचल्यावर ते एका स्तनाग्राला तोंड लावते आणि पुढचे कित्येक आठवडे तेथून हलत नाही. सहा महिन्यांनंतर डोके बाहेर काढते, थोडे बाहेर येते, दचकून परत आत उडी घेते. सुमारे आठव्या महिन्यात पिशवी कायमची सुटते, तरी दूध पिण्यासाठी आणखी काही महिने ते पिशवीत डोके घालतच राहते.

त्याच काळात पिशवीत धाकटे भावंड आलेले असते. आई दोघांना दोन वेगळ्या स्तनांतून दोन वेगळ्या प्रकारचे दूध देते. नवजाताला निराळे, मोठ्याला निराळे. शिवाय तिसरा गर्भ पोटात वाढ थांबवून निद्रिस्त राहू शकतो. दुष्काळात दूध आटून पिशवीतले पिलू दगावले, तर तो निद्रिस्त गर्भ वाढू लागतो आणि सुमारे महिन्याभरात जन्मतो. पाऊस परतला असेल तर तो जगतो. या व्यवस्थेत दुःख नाही असे नाही, पण आशेचा धागा तुटू दिलेला नाही.

पिशवीतल्या ओझ्याचा हिशेब १९९८ मध्ये लागला. माणसासकट बहुतेक प्राण्यांच्या पाठीवर ओझे दिले की ओझ्याच्या प्रमाणात त्यांच्या चालण्याचा खर्च वाढतो. बॉडिनेट आणि बिवेनर या दोन संशोधकांनी टामार वॉलबी या लहान जातीच्या माद्यांच्या पिशवीत वजन ठेवून त्यांना उड्या मारायला लावले. शरीराच्या वजनाच्या सुमारे १५ टक्के ओझे घेऊनही त्यांचा प्राणवायूचा खर्च वाढला नाही. जास्त वजनामुळे कंडरा जास्त ताणली जाते आणि तेवढेच जास्त परत देते. आईच्या वहीत पिलाचे भाडे शून्य लिहिलेले आहे!

याच पिशवीवरून माणसाने एक मोलाची गोष्ट उचलली. १९७८ मध्ये कोलंबिया देशातील बोगोटा येथे, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी उबदार पेट्या कमी पडत होत्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. ‘कांगारू मदर केअर’ या नावाने ती आज भारतातील रुग्णालयांतही रुजली आहे. कमी वजनाच्या नातवंडाला असे छातीशी धरून बसलेली सून किंवा लेक अनेक कुटुंबांनी पाहिली असेल.

इतक्या काटकसरीने उभा केलेला हा देह ज्या जगासाठी घडला, ते जग आता तसे राहिलेले नाही. मोकळ्या मुलखात कुंपणे आली. रानकुत्र्यांना अडवण्यासाठी घातलेले ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध कुंपणच ५,६०० किलोमीटरहून लांब आहे. मेंढपाळांची कुंपणे तर अगणित. कुंपण ओलांडताना कांगारूचे लांब पाऊल वरच्या दोन तारांमध्ये सापडते, तारा पिळल्या जातात आणि तो उलटा लटकून राहतो. कुत्र्यांनी वा वाहनांनी त्याचा फार वेळ पाठलाग केला, तर तो निसटला तरी स्नायूंची आतून हानी होते आणि काही दिवसांनी तो मरतो. काटकसरीने वागणाऱ्या देहाला इतकी मोठी उचल झेपत नाही.

सर्वांत मोठा घात रस्त्यावर होतो. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे फिरतो. नेमकी तीच वेळ मोटारी भरधाव जाण्याची. दिव्यांच्या झोताने तो दिपतो आणि एकदा पाय सुटले की हवेत दिशा बदलता येत नाही. मोटारवाल्यांनी पुढे लोखंडी जंगले बसवून आपला बचाव केला. स्वीडनच्या एका नामांकित मोटार कंपनीने प्राणी ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा तयार केली. हरणांवर ती चालली. पण २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील चाचण्यांत ती कांगारूपुढे गोंधळून गेली. यंत्र जमिनीच्या आधारे अंतर मोजत होते. कांगारू हवेत असला की ते त्याला दूर समजे आणि जमिनीवर आला की जवळ. लाखो वर्षांत साधलेली ही झेप यंत्राच्या गणितात बसेना.

याशिवाय मांस आणि चामडे यांसाठी परवानाधारक शिकारी दरवर्षी सरकारने ठरवून दिलेल्या संख्येत कांगारू मारतात. संख्या वाढली की पिके आणि कुरणे वाचवण्यासाठी हे आवश्यक आहे, असे तेथील अनेक शेतकऱ्यांचे आणि शासनाचे म्हणणे आहे, आणि दुष्काळात उपाशी मरणाऱ्या कळपांची उदाहरणेही ते देतात. परंतु मादी मारली गेली, तर पिशवीतील पिलालाही मारून टाकावे असे तेथील नियमावलीच सांगते, ही बाब कोणत्याही आकडेवारीने हलकी होत नाही. कांगारूच्या कातडीतील तंतू पृष्ठभागाला समांतर असल्याने चामडे पातळ असूनही मजबूत असते, म्हणून फुटबॉलच्या महागड्या बुटांसाठी त्याला फार मागणी होती. २०२३ मध्ये नायके आणि पुमा या दोन मोठ्या कंपन्यांनी ते वापरणे थांबवत असल्याचे जाहीर केले. मुलांसाठी खेळाचे बूट घेणाऱ्या पालकांनी आणि ते विकणाऱ्या दुकानदारांनी डब्यावरील चामड्याचा प्रकार वाचून घ्यायला हरकत नाही.

ऑस्ट्रेलियात रस्त्याकडेला मेलेला कांगारू दिसला, तर थांबून त्याची पिशवी तपासावी, अशी विनंती तेथील वन्यजीव स्वयंसेवक वाहनचालकांना सतत करतात. आई गेली तरी आतले पिलू पुष्कळदा जिवंत असते. स्तनाग्राला घट्ट चिकटलेल्या लहान पिलाला ओढून काढले तर त्याच्या तोंडाला इजा होते, म्हणून ओढू नये असेही ते बजावतात. मग ते पिलू कोणाच्या तरी घरी येते. तेथे मऊ कापडाची पिशवी शिवलेली असते आणि ती दाराच्या मुठीला किंवा खुर्चीच्या पाठीला अडकवलेली असते. ठरावीक वेळाने बाटलीने दूध, रात्री उठून पुन्हा दूध. काही आठवड्यांनी पिलू खाली उतरते, स्वयंपाकघराच्या गुळगुळीत फरशीवर घसरते, पडते, शेपटी टेकवून पुन्हा उभे राहते. मोठ्या आवाजाने घाबरले की धावत पिशवीकडे जाते. सांभाळणाऱ्या बाईंनी पिशवीचे तोंड दोन्ही हातांनी उघडून धरले की ते आधी डोके आत घालते आणि आतल्या आत कोलांटी घेऊन तोंड वर काढते. ही कोलांटी त्याला कोणी शिकवलेली नसते.